धोबीपछाडला बोनस किती?

वाळूजमध्ये ‘बोनस’ हा शब्द वर्षातून एकदाच काढायचा असतो. दसरा झाला की चहाच्या टपरीवर तो दबक्या आवाजात निघतो, दिवाळीच्या आठवड्यात कंपनीच्या गेटवर चढ्या आवाजात निघतो आणि भाऊबीजेनंतर पुढच्या दसऱ्यापर्यंत कोणी त्याचं नाव घेत नाही. त्यामुळे ऐन जूनमध्ये, सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराला, आमच्या बजाजनगरच्या घरातल्या पुढच्या खोलीतून ‘मला तीनच बोनस? आणि त्याला आठ?’ असा टाहो ऐकू आला, तेव्हा माझ्या हातातला पेपर खाली आला. पाठोपाठ दुसरा आवाज : ‘अरे, राक्षस आहे तो. त्याला जास्तच मिळणार.’

मॅनेजमेंटबद्दल इतकं स्पष्ट बोलणारी पिढी वाळूजमध्ये पुन्हा निपजली, या आनंदात मी आत गेलो.

आत युनियन नव्हती. भाचा आणि त्याचे तीन मित्र फरशीवर मांड्या घालून बसले होते. मध्ये ग्राफपेपर चिकटवून केलेला मोठा नकाशा आणि नकाशावर एमआयडीसीचं भंगार. एम-आठचे चार नट, एक स्पार्क प्लग, एक बेअरिंगचा छर्रा आणि या सगळ्यांसमोर एम-सोळाचा एक लांब बोल्ट उभा. स्पार्क प्लग म्हणजे मांत्रिक. छर्रा म्हणजे चोर, आणि तो सारखा सोफ्याखाली जात होता, म्हणजे भूमिकेला जागत होता. बोल्ट म्हणजे राक्षस.

“मामा, डन्जन्स अँड ड्रॅगन्स आहे हे,” भाचा म्हणाला. “मी डन्जन मास्टर आहे. म्हणजे तळघराचा मास्तर.”

पोराचं कंपनीत अजून कायम झालेलं नाही. कुठं तरी मास्तर झाला हे ऐकून बरं वाटलं. नकाशाही ओळखीचा निघाला. खंदक, आत जायला एकच अरुंद वाट, पुढं कातळात खोदलेली अंधारी, त्याच्यावर माथा. आपला देवगिरीच की! पोरानं सहलीला पाहिलेला किल्ला उचलून राक्षसाला राहायला दिला होता. राक्षस नेमका अंधारीच्या तोंडाशी उभा होता, आणि त्याच्यापुढं ‘वज्रबाहू’ नावाचा योद्धा. हा वज्रबाहू चालवणारा मुलगा उदबत्तीसारखा बारीक. वजन काट्यावर चढून पाहिलं तर काटा विचार करत बसेल.

“मामा, ह्यो नियमच चुकलाय बघा,” उदबत्ती म्हणाली. लातूरकडचा आहे. “मघाधरनं मी पाडायलोय त्याला, पडंनाच गेलाय!”

आता खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा खेळ छापला. पट म्हणावा तर पट नाही, नाटक म्हणावं तर नाटक नाही. मास्तर प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि ते जमलं की फसलं याचा निकाल फासा देतो. त्यातला मुख्य फासा वीस बाजूंचा. एक ते वीस, प्रत्येक आकड्याला पाच टक्के संधी. आकड्यात आपला बोनस मिळवायचा आणि समोरच्याचा आकडा गाठायचा. हा गायगॅक्स पूर्वी विमा कंपनीत काम करायचा, हे कळल्यावर मला पुस्तकाच्या जाडीचा उलगडा झाला. विम्याच्या माणसाला प्रत्येक अपघातासाठी तक्ता लागतो. 1979 साली निघालेल्या मास्तरांच्या पुस्तकात ठोसे मारणं, धरणं आणि अंगावर जाऊन लोळवणं या तिन्हींचे वेगळे टक्केवारीचे तक्ते आहेत. माणसं तलवार घेऊन ड्रॅगन मारायला निघाली आहेत आणि वाटेत कोणाची गचांडी धरायची झाली तर आधी तक्ता काढायचा.

आमच्या पुढच्या खोलीतली खरी अडचण मात्र वेगळी होती. चौघं चार वेगवेगळी पुस्तकं वाचून आले होते. एकाकडं 2003 ची साडेतीनावी आवृत्ती. (हो, साडेतीन. शहाण्यांची संख्या आम्ही पूर्वीच साडेतीन ठरवून ठेवली आहे, तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही.) दुसऱ्याकडं त्यातूनच निघालेलं 2009 चं पाथफाइंडर. तिसऱ्याकडं 2014 ची पाचवी आणि भाच्याकडं तिचीच 2024 ची सुधारलेली. एका घरात चार पंचांगं आणली तर एकादशी चार दिवस चालते, तसा राक्षस चार प्रकारे पडत होता किंवा पडत नव्हता.

साडेतीनवाला म्हणायचा, धरायचं असेल तर आधी राक्षस तुला फुकटात एक फटका मारणार. तो लागला तर प्रकरण तिथंच संपलं. नाही लागला तर तू हात लावायला फासा टाक. हात लागला तर दोघांनी फासे टाकायचे आणि कोण वरचढ ते बघायचं. मग त्याच्या चौकोनात शिरायचं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आमच्या कंपनीतून स्वतःची छत्री बाहेर न्यायला एवढ्याच सह्यांचा गेट पास लागायचा. लोक पावसात भिजत जायचे, पण छत्री मागायचे नाहीत. साडेतीनमध्येही तसंच होत असणार. ‘हौ ना,’ तो म्हणाला, ‘कोणी धरतच नाही.’

पाथफाइंडरवाल्यानं सांगितलं की या सगळ्याचं त्यांनी एकच गणित केलं. मारणाऱ्याचा एक आकडा, झेलणाऱ्याचा एक. झेलणाऱ्याचा आकडा म्हणजे दहा, अधिक त्याची लढण्याची तयारी, अधिक ताकद, अधिक चपळाई, अधिक देहाचा आकार. पाडणं, ढकलणं, हत्यार उडवणं, धरणं, सगळ्याला तेच. मला हे आवडलं. एकच गेज, सगळ्या जॉबला लावा. पाचवीवाल्यांनी तर आकडेही काढून टाकले आणि दोघांची अंगमेहनतीची परीक्षा घ्यायला लावली. मग 2024 मध्ये तीही बदलली. आता एकट्या झेलणाऱ्यानंच फासा टाकायचा. पन्नास वर्षं झाली, जगातली हुशार माणसं ‘पाय ओढून पाडणे’ या एका कृतीची किंमत ठरवताहेत आणि दर काही वर्षांनी ती पुन्हा ठरवावी लागते आहे.

मी तेहतीस वर्षं क्वालिटीत काढली. 1985 साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्याच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली आणि त्यातल्या एका शेडमध्ये मी मायक्रोमीटर घेऊन उभा राहिलो. असा माणूस रिटायर झाला की त्याचं घरात फार अवघड होतं. पोळ्या गोल आहेत का, हे तो न बोलता बघत असतो आणि ते घरातल्यांना कळत असतं. त्यामुळे भाच्यानं ‘मामा, तुम्हीच सांगा’ म्हटल्यावर मी चष्मा पुसायच्या आधी मान डोलावली.

यातली मेख मला अर्ध्या तासात सापडली. वज्रबाहूला दर पाळीला एक काम करता येतं. तलवार हाणली आणि लागली तर राक्षसाचं आयुष्य कमी होतं, ते कागदावर दिसतं. पाडलं तर काय होतं? राक्षस आडवा होतो. जवळच्या माणसाला त्याच्यावर दोन फासे टाकून वरचा घ्यायची मुभा मिळते, म्हणजे पन्नास टक्क्यांचं काम पंचाहत्तर टक्क्यांवर जातं. चांगलंय. पण मग राक्षसाची पाळी येते आणि तो उठून उभा राहतो. उठायला त्याची निम्मी चाल खर्ची पडते, एवढंच. म्हणजे एक अख्खा वार सोडून वज्रबाहूनं काय मिळवलं, तर राक्षसाच्या कपड्यांना माती लावली. एवढ्यासाठी कोण पाडेल?

बरं, मग पाडणं स्वस्त करा. वार करता करता फुकटात पाडता येऊ द्या. तसं केलं की कोणी दुसरं काही करतच नाही. साडेतीन आवृत्तीत काटेरी साखळी नावाचं हत्यार होतं. ते लांबूनही लागायचं, जवळूनही लागायचं, आणि वर पायात अडकवून पाडताही यायचं. चतुर खेळाडूंचे योद्धे एकाएकी साखळीवाले झाले. तलवारी, भाले, परशू सगळे पुस्तकात गंजत पडले.

हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे, फक्त साखळीऐवजी बुश होतं. आमच्या शेडमध्ये एका बुशचा इन्सेन्टिव्हचा रेट कोणा साहेबाच्या हातून जरा सैल लागला. महिनाभरात अख्ख्या शिफ्टला त्याच मशिनवर काम करायचं होतं. ज्याची कंबर धरली होती त्याची सुटली. ज्याला डोळ्यांनी कमी दिसायचं त्याला बुश तेवढं स्वच्छ दिसायला लागलं. मग साहेबानं रेट आवळला, तर त्या मशिनकडं कोणी फिरकेना. रेट सैल असतो नाहीतर घट्ट असतो. बरोबर रेट असा नसतोच, तो फक्त वाटाघाटीत असतो.

तरी मी प्रयत्न केला. दुपारच्या जेवणानंतर वही घेतली आणि प्रत्येक डावाचं एफएमईए काढलं. वाळूजमधल्या वाचकांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो : कुठली गोष्ट बिघडू शकते ते आधी लिहायचं, मग ती बिघडली तर किती महागात पडेल, कितीदा बिघडेल आणि बिघडलेली वेळेत कळेल का, या तिन्हींना दहापैकी मार्क द्यायचे आणि गुणाकार करायचा. हजारपर्यंत जातो. ‘पाय ओढून पाडणे’ 140 वर आलं. ‘हातातलं हत्यार उडवणे’ 280. ‘डोळ्यात माती फेकणे’ याला मी 720 दिले, कारण ती फेकलेली पंचाला दिसत नाही. पोरं वहीकडं बघत राहिली. माझं असं कौतुक शेवटचं आयएसओच्या ऑडिटरनं केलं होतं, आणि त्यानंही नंतर तीन त्रुटी काढल्या होत्या.

इथंही त्रुटी निघालीच. मास्तरानं अंधारीतून गोम सोडली. बैलगाडीएवढी, शंभर पायांची. उदबत्तीनं सवयीनं सांगितलं, “मी पाडतो.”

पाथफाइंडरवाल्यानं नियम वाचला. दोन पायांच्या पुढं जितके जादा पाय, तितक्या प्रत्येक पायामागं झेलणाऱ्याला दोन. मी वहीत मांडलं. शंभर वजा दोन, अठ्ठ्याण्णव. गुणिले दोन, 196. वर नेहमीचे दहा. फासा थांबतो वीसवर. हे सांगायला त्या लोकांनी पुठ्ठ्याच्या बांधणीचं, उशाशी घेता येईल असं पुस्तक छापलं. आमच्या आजीनं गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही, एवढ्यात आटपलं असतं आणि वर भाजी निवडून झाली असती.

याच्या उलट चौथी आवृत्ती, 2008 ची. तीत सगळ्यांना सगळे डाव चालावेत असा समतोल साधला होता, इतका की जेलीचा घनही आडवा पडायचा. जेलीचा घन हा या खेळातला जुना राक्षस आहे. पारदर्शक, थुलथुलीत, दहा फुटांचा चौकोनी ठोकळा. पाय नाहीत, पाठ नाही, पोट नाही. खरवसाची अवाढव्य वडी समजा. आता खरवसाची वडी उलटी केली तर ती चीत झाली म्हणायचं का? आणि झाली, तर ती उठते म्हणजे नेमकं काय करते? यावर जगभर वाद झालेत. मला वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू आवडतात, पण अशा राक्षसाला पाडता येणार नाही हे मान्य करायला कुणी तरी मोठं माणूस खोलीत हवं होतं.

मोठं माणूस म्हटलं की मला गावची जत्रा आठवते.

आमचं गाव गंगापूर तालुक्यातच. वाळूजही त्याच तालुक्यातलं, पण जत्रेच्या कुस्त्या म्हटल्या की गाव ते गाव. हलगी कडाडायला लागली की सकाळी आधी चिल्लीपिल्ली हौद्यात उतरायची. त्यांची कुस्ती रेवड्यांवर. मग नारळावर, मग पाच-दहा रुपयांवर, आणि ऊन कलल्यावर शेवटची मोठी. यात नियमपुस्तक कुठंच नव्हतं. होता तो जोड लावणारा म्हातारा. फेटा, काठी, आणि एक डोळा किंचित बारीक. समोर शड्डू ठोकत फिरणारी पंधरा-वीस पोरं. म्हातारा पोटरी बघायचा, मान बघायचा, कान किती चुरगळलेत ते बघायचा, बाप कोण ते विचारायचा. मग काठीनं दाखवायचा : हा, आणि हा. दोघांचे हात धरून हौद्याला फेरी मारायची, म्हणजे लोकांनाही पटतंय का ते कळायचं. नाही पटलं तर ‘जोड नाही, जोड नाही’ असा गलका व्हायचा आणि म्हातारा निमूट जोड फोडायचा.

त्यामुळे धोबीपछाडला किती बोनस आणि कलाजंगला किती, हे कोणी कधी विचारलं नाही. समोरच्याचा हात खांद्यावर घेऊन धुण्यासारखा आपटायचा तो धोबीपछाड. आख्खा माणूस खांद्यावर उचलायचा तो कलाजंग. मोळी म्हटलं की माणसाची मोळी बांधलेली दिसते. ढाक, घिस्सा, पट, टांग, बगलडूब, कुठला डाव भारी आणि कुठला हलका असं काही नसायचं, कारण प्रत्येकाची तोड होती आणि ती दोघांनाही ठाऊक होती. आपल्याकडं डाव तोलत नव्हते, जोड तोलत होते. डावाचं वजन काट्यावर टाकायला निघालेल्या त्या अमेरिकन पुस्तकांचं मला मग फार वाईट वाटलं.

मी हे सांगितल्यावर साडेतीनवाला पटकन म्हणाला, “मग 2023 ला पुण्यात काय झालं, मामा?”

पोरगं चुणचुणीत आहे. महाराष्ट्र केसरी, जानेवारी 2023, माती विभाग, सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड. गायकवाडनं बाहेरची टांग लावली आणि पंचांनी चार गुण दिले. पाठ तेवढी वळली होती की नव्हती? चार की दोन? पुढं कित्येक दिवस महाराष्ट्रात जो तो कुस्तीतला जाणकार झाला होता. ज्यांनी उभ्या आयुष्यात लंगोट फक्त दोरीवर वाळताना बघितला, तेही व्हिडिओ हळू करून थांबवत होते आणि गोल आखून पाठवत होते. ही स्पर्धा 1961 साली पहिल्यांदा झाली ती आपल्याच शहरात, दिनकर दह्यारी पहिले मानकरी, म्हणून मलाही मत होतंच, मी ते गटात दिलं आणि एका व्याह्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. मुद्दा असा की निकाल चितपटवर असतो तोवर डावाला किंमत नसते. गुण आले की आली.

गुण लावायचेच तर कबड्डीवाल्यांसारखे लावावेत, असं मला वाटतं. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली तर एक गुण जादा. पकड तीच, घोटाही तोच, फक्त अडचणीत असताना केली म्हणून भाव वाढला. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणायचा नाहीतर बाहेर बसायचं. म्हणजे डावाची किंमत डावात नाही, वेळेत आहे. हे मी पोरांना सांगितलं आणि त्यांनी ते लगेच लिहून घेतलं. निम्म्याहून अधिक साथीदार पडलेले असतील तर पाडण्याला बोनस. राक्षसाला पहिल्यांदाच घाम फुटल्यासारखं वाटलं. (तो पंख्याखाली ठेवलेल्या थंड पाण्याच्या बाटलीचा होता.)

पण उदबत्तीचं समाधान होईना. पाचव्या आवृत्तीत आपल्याहून एक माप मोठ्यापर्यंतच पाडता येतं आणि मास्तरानं राक्षस दोन मापं मोठा ठेवला होता. पोरानं खाली मान घालून विचार केला आणि मग हळूच पत्ता टाकला.

“10 नोव्हेंबर 1659,” तो म्हणाला.

खोली शांत झाली. प्रतापगडाच्या पायथ्याची ती भेट आठवल्यावर मराठी माणसासमोर देहाच्या मापाचा नियम टिकत नाही. धिप्पाड खानानं मिठीत धरलं, आत चिलखत होतं, बोटांत वाघनखं होती, आणि पुढचं आम्हाला चौथीपासून पाठ आहे. मास्तरानं पुस्तकाकडं बघितलं, पोराकडं बघितलं, भिंतीवरच्या तसबिरीकडं बघितलं. “मोठ्या मापाचा नियम रद्द,” तो म्हणाला. जगात हा खेळ लाखो लोक खेळत असतील, पण मास्तराला निरुत्तर करणारी अशी सोय इतरांकडं नसणार.

मांत्रिकानं मग भीम आणि दुर्योधनाचं गदायुद्ध काढलं. नाभीखाली मारायचं नाही हा नियम. भीमानं मांडी फोडली. बलराम नांगर घेऊन धावला, म्हणजे पंचाची हरकत नोंदली गेली. श्रीकृष्णानं समजूत काढली, म्हणजे ती फेटाळली गेली. त्यावरून कमरेखालचा वार चालेल की नाही यावर अर्धा तास गेला आणि चहा दोनदा झाला. शेवटी मी माझा नियम सांगितला आणि तो एकमतानं पास झाला. डाव टाकणाऱ्यानं डावाचं नाव सांगायचं, आणि त्याच दमात त्याची तोडही सांगायची. तोड सांगता आली नाही तर डाव येत नाही असं समजायचं. सांगितली, तर समोरच्याला ती वापरायची मुभा. कारखान्यात याला पोका-योके म्हणतात, चूक करताच येऊ नये अशी रचना. त्यानंतर साखळ्या आपोआप कमी झाल्या. फुकटचा डाव टाकताना माणूस फार विचार करत नाही, पण त्याचा उपाय शत्रूला स्वतःच्या तोंडानं सांगायचा म्हटलं की तलवार बरी वाटते.

भाच्याला मी बाजूला घेऊन एक गोष्ट तेवढी सांगितली. वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. तू मास्तर आहेस. एक ठेव.

राहिला फासा. तो सतराच्या आसपास फार वेळा पडतोय, असा मला दुपारपासूनच संशय होता. फाशावरचा संशय ही या भागातली जुनी गोष्ट आहे. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत, खाली गणांची नंदीशी मस्ती चाललीये. चौदाशे वर्षं झाली असतील, अजून कोण जिंकलं ते कळत नाही. प्लास्टिकचा फासा तपासायची सोपी रीत म्हणजे मिठाच्या दाट पाण्यात तो तरंगवायचा आणि टिचकी मारायची. एकच बाजू सारखी वर आली तर आत कुठं तरी हवेचा बुडबुडा आहे. 1296 साली देवगिरीला वेढा पडला तेव्हा धान्याच्या समजलेल्या गोण्यांत मीठ निघालं, अशी कथा सांगतात. आमच्याकडं उलटं झालं. संध्याकाळी हिनं मिठाचा डबा उघडला तर तो रिकामा होता आणि किलोभर मीठ पातेल्यात विरघळून त्यात एक तांबडा फासा डुंबत होता. अकरा टिचक्यांत सात वेळा सतरा वर आला होता. हे मी तिला दाखवलं. तिनं आमटीत काय घालू एवढंच विचारलं.

फासा रिजेक्ट. मग एका जुन्या सहकाऱ्याच्या पोराला गाठलं. टूलरूममध्ये आहे, हात सोन्याचा. पितळेचा वीस बाजूंचा घन करायचा. वीस त्रिकोण, बारा टोकं, तीस कडा, दोन शेजारच्या बाजूंमधला कोन 138 अंश 11 मिनिटं, समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज कायम 21. प्रत्येक कड वीस मिलिमीटर. पंधरा दिवसांनी पोरगं डबीत घालून घेऊन आलं. मी प्रत्येक बाजू तीनदा मोजली, सगळ्या टॉलरन्समध्ये होत्या. वजन सुमारे दीडशे ग्रॅम. हातात घेतला की समोरच्याला आपोआप आदर वाटतो.

पुढच्या सुट्टीला अंधारीच्या तोंडाशी पुन्हा सगळे जमले. निम्म्याहून अधिक साथीदार पडलेले, म्हणजे कबड्डीचा बोनस लागू. उदबत्तीनं घसा खाकरून सांगितलं, “धोबीपछाड. तोड म्हणजे, तो खाली बसून माझी कंबर धरू शकतो.” राक्षस खाली बसला. पण पोरानं आधीच विचार करून ठेवला होता, त्यानं मोळीवर हात टाकला आणि तिचीही तोड सांगितली. आता सगळं फाशावर. वज्रबाहूला चौदा हवे होते. त्यानं दोन्ही हातांत पितळ घोळवलं, कपाळाला लावलं आणि फेकलं.

फासा नकाशावर आपटला, राक्षसाला खरोखरच आडवं केलं, फरशीचा एक टवका उडवला आणि घरंगळत स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजखाली शिरला.

आम्ही सगळे पालथे पडलो. मोबाइलचे दिवे लावले. फासा मागच्या भिंतीपाशी, फ्रिजच्या पायाला टेकून किंचित कलला होता.

“चौदा दिसतोय,” उदबत्ती म्हणाली.

“तिकडून चौदा. इकडून सहा आहे,” मास्तर म्हणाला.

“काठीनं ओढा.”

“काठी लावली की फिरणार तो!”

मी क्वालिटीचा माणूस या नात्यानं गाल फरशीला लावून एक डोळा मिटला आणि कलाचा अंदाज घेऊ लागलो. एवढ्यात मागं झाडू घेऊन ही येऊन उभी राहिलेली कळली. तिनं पाच पालथ्या माणसांकडं बघितलं.

“काय चाललंय?”

“मामी, निकाल बघतोय.”

“सगळेच चीत झालेत की. उठा, मला झाडायचंय.”

पोरं पटापट उठली. नियमाप्रमाणे निम्मी चाल. मी हात टेकला, एक गुडघा वर घेतला, तो कुरकुरला, मी तो परत खाली ठेवला.

“मामा, उठताय ना?”

“थांब,” मी म्हणालो, “माझी पुढची पाळी येऊ दे.”